पडद्याआडचे सत्य : रॉड सर्लिंग

दूरचित्रवाणीसाठी लिहिणाऱ्या माणसाला साहित्यिक म्हणावे की म्हणू नये, हा वाद आपल्या मराठीच्या तासाला वर्षातून एकदा तरी निघतोच. नाटककार चालतो, कादंबरीकार चालतो, अलीकडे पटकथाकारही चालतो. पण मालिका लिहिणारा म्हटला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. आठ्या पडायला कारणेही आहेत. सासू-सुनांची तीच ती भांडणे वर्षानुवर्षे ताणलेली पाहिली की लेखणीचीच कीव येते. दुसरीकडे आपल्याच वसतिगृहातील मुले-मुली रात्र रात्र जागून कोरियन मालिका पाहतात. भाषेचा एक शब्द कळत नाही, खालची इंग्रजी अक्षरे वाचत वाचत सोळा भाग संपवतात आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी तासाला येऊन बसतात. कथा सुरू होते, वाढते आणि ठरलेल्या जागी संपते, एवढेच तर त्यात आहे, असे कोणी म्हणेल. पण कथेला शेवट असणे ही काही लहान गोष्ट नव्हे. लेखकाला काहीतरी सांगायचे असेल तरच तो शेवटापर्यंत पोहोचतो.

या चर्चेच्या निमित्ताने मला ज्या माणसाविषयी लिहावेसे वाटले तो मात्र कोरियन नाही. अमेरिकन आहे, आणि त्याला जाऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली. त्याचे नाव रॉड सर्लिंग. दूरचित्रवाणीच्या पेटीतून गंभीर काही सांगता येते, हे ज्यांनी अगदी सुरुवातीच्या काळात सिद्ध करून दाखवले त्यांत त्याचे नाव फार वर घ्यावे लागते. आणि ते सांगण्यासाठी त्याने जी वाट काढली, ती वाट बरोबर होती की पळवाट होती, हा प्रश्न मला गेले वर्षभर छळतो आहे.

रॉडमन एडवर्ड सर्लिंग याचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे कुटुंब त्याच राज्यातल्या बिंगहॅम्टन या गावी गेले आणि रॉडचे सारे बालपण तेथेच गेले. वडील सॅम्युएल हे किराणा दुकानदार. मंदीच्या काळात त्यांनी खाटकाचे दुकानही चालवले. थोरला भाऊ रॉबर्ट पुढे विमानविषयक लेखन करणारा कादंबरीकार झाला. धाकटा रॉड मात्र लहानपणापासून बडबड्या. घरात दोन मुलगे, आणि दोघेही लेखक निघाले. दुकानदाराच्या घरात हे कसे झाले, याचे कोडे मला पडते. बिंगहॅम्टनच्या रिक्रिएशन पार्क या बागेत लाकडी घोड्यांचे एक मोठे चक्र होते. त्या चक्राचा आणि त्या गावाचा मोह सर्लिंगला जन्मभर सुटला नाही.

१९४३ साली शाळा संपली आणि लगेच तो सैन्यात भरती झाला. उंची बेताची, जेमतेम सव्वापाच फुटांच्या आसपास. पण हट्टाने त्याने छत्रीधारी सैनिकांच्या दलात, ५११ व्या रेजिमेंटमध्ये प्रवेश मिळवला. प्रशिक्षणाच्या काळात तो मुष्टियुद्धही खेळला, नाकही मोडून घेतले. त्याला नाझींशी लढायचे होते. ज्यू मुलाच्या मनात दुसरे काय असणार? पण त्याची तुकडी पाठवली गेली पॅसिफिककडे. १९४४ च्या अखेरीस फिलिपीन्समधील लेते बेटावर आणि १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्याने जे पाहिले, त्याची सावली पुढच्या सगळ्या लेखनावर आहे. लेतेवर त्याचा एक जिवलग मित्र मेला, तोही शत्रूच्या गोळीने नव्हे. उपाशी सैनिकांसाठी विमानातून टाकलेली रसदीची पेटी अंगावर पडून तो जागच्या जागी गेला. जगवायला आलेले अन्नच जीव घेते! असा शेवट कोणी कथेत लिहिला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते. सर्लिंगच्या कथांना एकदम उलटे वळण का लागते, याचे उत्तर शोधायला मला तरी फार दूर जावे लागत नाही.

सर्लिंग स्वतः जखमी झाला; त्याला पर्पल हार्ट आणि ब्राँझ स्टार ही पदके मिळाली. १९४५ सालीच इकडे वडील हृदयविकाराने वारले. मुलगा समुद्रापलीकडे होता. अंत्यविधीला पोहोचला नाही.

परत आलेल्या सैनिकांना शिक्षण घेता यावे म्हणून अमेरिकन सरकारने १९४४ मध्ये कायदा केला होता. त्याच्या आधारावर सर्लिंग ओहायो राज्यातील अँटिऑक महाविद्यालयात दाखल झाला. शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर होईपर्यंत जिवाची घालमेल काय असते हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगायला नको. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून चरित्रातली ही ओळ मी दोनदा वाचली. सर्लिंगने आधी शारीरिक शिक्षण हा विषय घेतला होता. मग तो सोडून भाषा आणि साहित्याकडे वळला. मनात साचलेले बाहेर काढायला दुसरा मार्ग नव्हता. महाविद्यालयाच्या नभोवाणी केंद्रासाठी त्याने लिहिले, दिग्दर्शन केले, अभिनयही केला. १९४८ मध्ये सहाध्यायिनी कॅरोल क्रेमर हिच्याशी विवाह केला. पैशांची चणचण असल्यामुळे तो सैन्यासाठी नव्या छत्र्यांची चाचणी घेण्याचे काम करी. एका उडीचे ५० डॉलर मिळत. फी भरण्यासाठी आकाशातून उडी मारणारा विद्यार्थी आपल्या पाहण्यात तरी नाही.

१९५० मध्ये पदवी मिळाली आणि सिनसिनाटी येथील नभोवाणी केंद्रावर नोकरी लागली. दिवसा पोटासाठी लिहायचे, रात्री स्वतःसाठी. स्वतःसाठी लिहिलेल्या संहिता एकामागून एक परत येत. ओळीने चाळीस नकार आले, असे त्याच्याविषयी नेहमी सांगितले जाते. (कोरियाच्या ह्वांग डोंग-ह्योक यांची ‘स्क्विड गेम’ ही मालिका २०२१ मध्ये जगभर गाजली, तीही सुमारे दहा वर्षे नाकारली गेली होती. नकार पचवण्याच्या बाबतीत सगळे देश सारखेच म्हणायचे.)

यश आले ते एकाच रात्रीत, १२ जानेवारी १९५५ रोजी. त्या काळी अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील नाटके थेट प्रक्षेपित होत. नट वाक्य विसरला तर ते साऱ्या देशाला दिसे. पुन्हा करून घेण्याची सोय नाही. त्या रात्री सर्लिंगचे ‘पॅटर्न्स’ हे नाटक प्रक्षेपित झाले. मोठ्या कंपनीत एक तरुण अधिकारी येतो. त्याला जागा करून देण्यासाठी मालक एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याचा रोज चारचौघांत अपमान करतो, त्याने स्वतःहून निघून जावे म्हणून. म्हातारा जात नाही, तो मरतो. नाटक इतके गाजले की चार आठवड्यांनी, ९ फेब्रुवारीला, सगळ्या नटांना पुन्हा उभे करून ते दुसऱ्यांदा थेट सादर करावे लागले. असे त्यापूर्वी सहसा होत नसे. पाठोपाठ ११ ऑक्टोबर १९५६ रोजी ‘रेक्विएम फॉर अ हेवीवेट’ आले. मुष्टियुद्धाने थकलेला, डॉक्टरांनी आता पुरे म्हणून सांगितलेला एक खेळाडू, आणि त्याला खोट्या कुस्त्यांच्या तमाशात उभा करू पाहणारा त्याचाच व्यवस्थापक. स्वतः ठोसे खाल्लेल्या माणसानेच हे लिहिले आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता सर्लिंग यांचे नाव झाले होते, हाती पैसा आला होता. (येथून पुढे त्यांना अरेतुरे करणे माझ्या लेखणीला जमत नाही.) आणि खरी लढाई येथूनच सुरू झाली.

तेव्हाच्या पद्धतीत एखाद्या कार्यक्रमाचा सारा खर्च एखाद-दुसरी कंपनी उचलत असे. त्यामुळे संहिता आधी कंपनीच्या आणि तिच्या जाहिरात-संस्थेच्या माणसांच्या हातात जाई. माल खपवणे हे त्यांचे काम; कोणत्याही प्रांतातले कोणतेही गिऱ्हाईक दुखावले जाऊ नये, एवढीच त्यांची कसोटी. या कसोटीच्या ज्या कथा नोंदल्या गेल्या आहेत त्या वाचून हसावे की रडावे कळत नाही. सिगारेट पेटवण्याचे लायटर विकणाऱ्या कंपनीच्या कार्यक्रमात पात्राने काडेपेटी मागायची नाही. मोटार-कंपनीच्या कार्यक्रमात न्यूयॉर्कच्या चित्रातून प्रतिस्पर्धी कंपनीच्या नावाची इमारत पुसून टाकायची. १९५९ मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यावरील नाटकाला गॅसच्या व्यावसायिकांचा आश्रय होता, म्हणून छळछावण्यांच्या वर्णनातला गॅस हा शब्दच प्रक्षेपणाच्या वेळी मुका केला गेला. लक्षावधी माणसे ज्यात मारली गेली त्या गोष्टीचे नाव घ्यायचे नाही, कारण त्याने शेगडीचा खप कमी होईल!

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. तो शिकागोहून नातलगांकडे सुटीला आला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगळीक केली, एवढा आरोप. तिच्या नवऱ्याने आणि दिराने त्याला रात्री घरातून उचलून नेले. तीन दिवसांनी नदीत प्रेत सापडले. आईने शवपेटी उघडी ठेवली, जगाने पाहावे म्हणून. सगळ्या गोऱ्या पंचांनी आरोपींना निर्दोष सोडले आणि सुटल्यावर काही महिन्यांतच त्याच दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन आपला गुन्हा सांगून टाकला. अशा बातम्या वाचण्याची सवय आपल्यालाही आहे. गावांची आणि माणसांची नावे तेवढी बदलतात.

सर्लिंग यांना यावर नाटक लिहायचे होते. टिलचे नाव घेऊन लिहिले तर कोणी हात लावणार नाही हे ठाऊक असल्याने त्यांनी मेलेला मुलगा बदलून एक म्हातारा ज्यू सावकार केला. तरीही वर्तमानपत्रांत बोभाटा झालाच. दक्षिणेतील वर्णद्वेष्ट्या संघटनांची पत्रे येऊन पडली, बहिष्काराच्या धमक्या आल्या आणि कंपनी गडबडली. गाव दक्षिणेतून उचलून उत्तरेत नेले. मृत माणूस कुठलासा परदेशी झाला. दृश्यातल्या कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा काढल्या, कारण ते पेय दक्षिणेचे म्हणून ओळखले जाई. २५ एप्रिल १९५६ रोजी ‘नून ऑन डूम्सडे’ या नावाने जे दाखवले गेले त्यात एमेट टिल औषधालाही उरला नव्हता. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. ‘अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट’ हे नाटक जून १९५८ मध्ये आले. या वेळी काळ शंभर वर्षांच्या जवळपास मागे गेला आणि मरणारा तरुण मेक्सिकन झाला. एमेट टिलचे नाव असलेला, झुंडबळीविरुद्धचा कायदा अमेरिकेत झाला तो २०२२ च्या मार्चमध्ये, खुनानंतर सहासष्ट वर्षांनी.

या दोन पराभवांनंतर सर्लिंग यांनी जे केले ते पाहून तेव्हा अनेकांना वाटले की गडी हरला. १९५९ च्या सप्टेंबरात एका प्रसिद्ध मुलाखतकारासमोर बसून त्यांनी सांगितले की आता आपण झगडा सोडला आहे. येणारी मालिका निव्वळ अद्भुत कथांची आहे, तीत वादाचे काही नाही. २ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘द ट्वायलाइट झोन’ सुरू झाली. संधिप्रकाशाचा प्रदेश, असे मराठीत म्हणता येईल. १९६४ च्या जूनपर्यंत तिचे १५६ भाग झाले आणि त्यांतले ९२ एकट्या सर्लिंग यांनी लिहिले. बाकीचे रिचर्ड मॅथेसन, चार्ल्स बोमाँट अशा सिद्धहस्त लेखकांचे. प्रत्येक भाग स्वतंत्र, बहुतेक अर्ध्या तासाचे. सुरुवातीला आणि शेवटी काळ्या सुटातले सर्लिंग स्वतः प्रेक्षकांशी बोलतात. ज्यांनी आपल्याकडे रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा वाचल्या आहेत त्यांना या कथांच्या घाटाची कल्पना येईल.

जाहिरातदारांनी संहिता वाचल्या, तीत परग्रहावरचे लोक आणि भुते पाहिली आणि संतोषाने सह्या केल्या. आत काय होते? मार्च १९६० मधील ‘मेपल स्ट्रीट’च्या कथेत एका गल्लीतले दिवे जातात, मोटारी बंद पडतात. कोणा मुलाने वाचलेले असते की परग्रहावरचे लोक आधी माणसांच्या वेषात येऊन राहतात. झाले! शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. कोण रात्री आकाशाकडे बघत उभा असतो, कोणाची मोटार आपोआप चालू झाली. अंधारात गोळी सुटते, माणूस मरतो, मग दगड, मग आगी. टेकडीवर खरोखरच परग्रहवासी बसलेले असतात. त्यांना दिव्याची कळ खालीवर करण्याखेरीज काही करावे लागलेले नसते. कम्युनिस्ट म्हणून शेजाऱ्यावर बोट दाखवण्याचा तो जमाना नुकताच सरला होता. प्रेक्षकांना न कळण्यासारखे त्यात काय होते?

नोव्हेंबर १९६० मध्ये ‘आय ऑफ द बिहोल्डर’ आले. रुग्णालयात एक बाई, चेहऱ्याला पट्ट्या बांधलेली. कुरूप म्हणून तिच्यावर अकरावा उपचार झालेला आहे. डॉक्टर, परिचारिका सगळे सावलीत. कोणाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. पट्ट्या निघतात तेव्हा बाई आपल्या डोळ्यांना सुंदर दिसते, आणि उजेडात आलेले बाकीचे सगळे डुकराच्या तोंडाचे. उपचार फसला म्हणून तिला तिच्यासारख्यांच्या वेगळ्या वस्तीत पाठवून देतात. चेहऱ्याचे हे वळण जगभर गाजले. मला मात्र त्यापेक्षा ती वेगळी वस्ती जास्त आठवते. कोणीही तिच्यावर ओरडत नाही, सगळे सहानुभूतीनेच बोलतात आणि अत्यंत सभ्यपणे तिला गावाबाहेर घालवतात. गावकुसाबाहेर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा भाग अद्भुत मुळीच वाटणार नाही.

डिसेंबर १९६१ मधील एका भागात फिलिपीन्समधला उतावीळ अमेरिकन लेफ्टनंट, गुहेत अडकलेल्या जखमी जपान्यांवर चाल करून जायला निघालेला, क्षणात स्वतःच जपानी अधिकारी होतो आणि समोरच्या गुहेत जखमी अमेरिकन असतात. मनिला पाहिलेल्या सैनिकाने हे लिहावे, यातच त्यांचे मोठेपण आहे असे मला वाटते.

दोषही सांगायला हवेत. सर्लिंग फार लिहीत आणि फार वेगाने लिहीत. बहुतेक मजकूर ते यंत्रात बोलून ठेवीत आणि चिटणीस तो टंकलिखित करी. त्यामुळे पात्रे कधी कधी माणसासारखी न बोलता व्याख्यात्यासारखी बोलतात. शेवटचे निवेदन कित्येकदा नको इतके समजावून सांगते. स्त्रिया तर मोजक्याच भागांत खऱ्या उतरल्या आहेत.

पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ लिहिले, तेव्हा कीचक म्हणजे कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते. सरकारला ते कळून १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. म्हणजे आडून बोलण्याची ही रीत आपल्यालाही नवी नाही, आणि आपण तिला भ्याडपणा म्हणत नाही. मग सर्लिंग यांना तरी का म्हणावे? हा एक पक्ष. दुसरा पक्ष असा : ‘ट्वायलाइट झोन’ चालू होती त्याच काळात, १९६३ मध्ये, बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. तेथे आडपडदा नाही. उलट आपण कोण हे लपवावे लागणे, हीच तेथली जखम आहे. परग्रहावरच्या माणसाच्या नावाने एमेट टिलचे दुःख सांगितले की ते सगळ्यांचे होते खरे. पण मग ते टिलचे राहते का? मिसिसिपीतला एखादा गोरा गृहस्थ मेपल स्ट्रीटची कथा पाहून मान डोलावू शकत होता आणि सकाळी पुन्हा तोच राहू शकत होता. बागुलांची कथा वाचून त्याला तसे करता आले नसते. मात्र बागुलांची कथा त्याने हातातच घेतली नसती, आणि सर्लिंग दर शुक्रवारी रात्री त्याच्या दिवाणखान्यात होते, हेही तितकेच खरे. या दोहोंपैकी एक निवडायला कोणी मला सांगितले, तर मी बागुलांच्या बाजूला उभा राहीन. पण सर्लिंग यांना पळपुटे म्हणणाऱ्यांच्या बाजूला नाही. सर्लिंग यांनी आधी सरळ बोलून पाहिले होते, दोनदा. आणि १९६४ मध्ये अखेरच्या सुमारास, फाशीच्या दिवशी सूर्यच न उगवलेल्या गावाची गोष्ट लिहिताना, त्यांनी बर्मिंगहॅमपासून डॅलसपर्यंत अंधार कोठे कोठे पसरला आहे याचा जवळजवळ नावानिशीच उल्लेख केला.

दक्षिण कोरियातही हे घडून गेले आहे. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्कराने नागरिकांवर गोळ्या चालवल्या आणि पुढे कित्येक वर्षे त्याविषयी उघड बोलण्याची सोय नव्हती. १९९५ च्या प्रारंभी ‘सँडग्लास’ ही चोवीस भागांची मालिका आली आणि तिने ग्वांगजू नाव घेऊनच दाखवले. लोक कामावरून लवकर घरी पळत, रस्ते ओस पडत. आपल्याकडे १९८७-८८ मध्ये ‘रामायण’च्या वेळी पडत तसे. तेथे काळाने साथ दिली. सर्लिंग यांना ती मिळाली नाही.

पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मालिका थांबल्यावर त्यांनी तिच्यातील आपला हिस्सा प्रक्षेपण-कंपनीला विकून टाकला. पुनःप्रक्षेपणातून मोठी कमाई होईल असे तेव्हा कोणाला वाटले नव्हते. ती कमाई पुढे कंपनीने केली. १९६८ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाच्या पटकथेवर मायकेल विल्सन यांच्यासह सर्लिंग यांचे नाव आहे. समुद्रकिनारी वाळूत गाडलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याशी होणारा तो प्रसिद्ध शेवट त्यांच्याच कल्पनेतला मानला जातो. १९७० ते १९७३ ‘नाइट गॅलरी’ चालली. तेथे नाव त्यांचे आणि सत्ता दुसऱ्यांची होती, त्यामुळे ते कष्टी झाले. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी उघड विरोध केला. नंतरच्या काळात त्यांनी जाहिरातींनाही आवाज दिला. ज्या जाहिरातदारांनी आयुष्य नासवले त्यांचाच माल विकायचा! त्यांच्यासारख्या माणसाने हे का केले असेल, याचे मला पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही.

१९६७ पासून ते इथाका महाविद्यालयात शिकवीत. दिवसाला तीन-चार पाकिटे सिगारेट ओढत. मे १९७५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, पुन्हा आला. रॉचेस्टर येथे शस्त्रक्रिया झाली आणि २८ जून १९७५ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ते गेले. वडीलही हृदयविकारानेच गेले होते. न्यूयॉर्क राज्यातील केयुगा सरोवराच्या परिसरात, इंटरलेकन या लहानशा गावी त्यांचे दफन झाले. याच सरोवराचे नाव त्यांनी आपल्या निर्मितिसंस्थेला दिले होते. बिंगहॅम्टनच्या बागेतले लाकडी घोडे अजून आहेत, आणि त्या चक्रावर आता ‘ट्वायलाइट झोन’मधील प्रसंगांची चित्रे रंगवलेली आहेत.